कायद्याला जंगल कसं दिसतं, आणि त्यात माळरान का दिसत नाही

मे महिन्यातली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळावर आम्ही दोघं सकाळी सकाळी पक्षी बघत फिरत होतो. गवत वाळून पार पिवळं पडलेलं, आणि त्या गवतात ओळीने खड्डे खोदून ठेवलेले, पावसाळ्यात झाडं लावायची म्हणून. एका खड्ड्यापासून जेमतेम दोन हातांवर चंडोलाचं घरटं दिसलं. घरटं म्हणजे काय, तर गवताच्या बुडख्याला लागून वाटीएवढा खळगा, त्याच्या कडेला बारीक बारीक खडे मांडलेले आणि आत मातीच्याच रंगाची ठिपकेदार दोन अंडी. पुढच्या खड्ड्यांची आखणी फक्कीने केली होती आणि ती पांढरी रेघ नेमकी त्या खळग्यावरून गेलेली.

तिथंच एक म्हातारे धनगर बाबा मेंढरं घेऊन उभे होते. ते म्हणाले, "पावनं, झाडाला आमची ना न्हाय. पर ही जागा गवताची हाय. हितं झाड बी जगत न्हाय आन हे खड्डं पाडून गवात बी जगू देत न्हाईत."

त्यांचं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलंच नाही. म्हणजे झाडं लावणं चांगलंच ना, लहानपणापासून आपण तेच शिकलोय, मग इथं नुकसान कसं काय होतंय? म्हणून मी जंगलाचे कायदे, धोरणं, सरकारी व्याख्या वाचायला लागलो, लोकांना विचारायला लागलो, आणि हळूहळू लक्षात आलं की सगळा घोळ एका साध्या प्रश्नापाशी सुरू होतो: जंगल कशाला म्हणायचं? ज्याला कायदा जंगल म्हणतो ते वाचायची थोडी तरी शक्यता असते, आणि जे त्या व्याख्येत बसत नाही ते कुणाच्या हिशोबातच येत नाही. तेच जमेल तितकं सोपं करून सांगतो.

आपल्याकडे वनखातं इंग्रजांनी १८६४ साली सुरू केलं, तेव्हा त्यांना रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जहाजांसाठी लाकूड पाहिजे होतं, साग पाहिजे होता, त्यामुळे जंगल म्हणजे लाकूड देणारी जागा हीच नजर होती. मग १९२७ चा भारतीय वन कायदा आला, तो आजही चालू आहे. त्यात राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे प्रकार आहेत. राखीव वनात जवळजवळ सगळ्यालाच बंदी, म्हणजे तिथं काही करायचं तर परवानगी लागते. संरक्षित वनात उलटं, जे मना केलंय ते सोडून बाकीचं चालतं. ग्रामवन म्हणजे गावाच्या ताब्यात द्यायचं जंगल, पण हे प्रत्यक्षात फार कमी ठिकाणी दिलं गेलं. आणि ज्या जमिनीवरून शेतसारा मिळत नव्हता तिला इंग्रजांच्या महसूल खात्याने 'वेस्ट', म्हणजे पडीक, ठरवलं. माळरानाचं नशीब तिथंच फिरलं. कारण माळावर ना साग होता ना सारा. पडीक हा शब्द तेव्हापासून माळाला जो चिकटला तो आजपर्यंत निघालेला नाही. आजही देशात पडीक जमिनींचा जो सरकारी अॅटलास निघतो, त्यात झुडपी माळ, गवताळ जमिनी पडीक म्हणूनच रंगवलेल्या असतात.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चं वन धोरण आलं, मग १९८८ चं. १९८८ चं धोरण खरंच चांगलं वळण होतं असं माझं मत आहे, कारण त्यात पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की जंगलाचा मुख्य उद्देश पर्यावरण टिकवणं हा आहे, लाकडातून पैसा नंतर, आणि जंगलात राहणाऱ्या लोकांच्या गरजांचा हक्क आधी. पण त्याच धोरणात एक आकडा आहे जो सगळ्यांना पाठ झालाय, देशाची एक तृतीयांश जमीन जंगल किंवा झाडांखाली पाहिजे. हा ३३ टक्क्यांचा आकडा गाठायचाय म्हणून गेली कित्येक वर्षं झाडं लावायची धावपळ चालू आहे, आणि मग झाडं लावायला जागा शोधायची तर सोपी जागा कुठली? मोकळी दिसते ती. म्हणजे परत माळ.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली. त्यात किती मुलांनी, किती गावांनी मनापासून घाम गाळला हे मी बघितलंय, त्या भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे. माझं म्हणणं फक्त जागेबद्दल आहे.

आता जंगल मोजतात कसं ते बघू. भारतीय वन सर्वेक्षण नावाची संस्था डेहराडूनला आहे, ती साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचं वनआच्छादन मोजते. त्यांची व्याख्या अशी की किमान १ हेक्टर जागा असावी आणि वरून बघितलं तर किमान १० टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली झाकलेली दिसावी. बस्स. जमीन कुणाची, झाड कुठलं, कुणी लावलं, कशासाठी लावलं, याचा काही संबंध नाही. त्यामुळे आमराई, काजूच्या बागा, नारळी-पोफळी, निलगिरीची लागवड, रबर, हे सगळं त्यात येतं. २०२३ च्या अहवालात देशाचं वनआच्छादन २१.७६ टक्के आहे, आणि बाहेरची सुटी झाडं धरली तर २५.१७ टक्के. आकडा थोडाफार वाढलाय म्हणून बातम्या झाल्या. पण नैसर्गिक जंगल कमी होऊन त्याच वेळी बागा वाढल्या तरी हा आकडा वाढलेलाच दिसणार, कारण उपग्रहाला वरून हिरवं छत्र दिसतं, खाली काय जगतंय ते त्याला दिसत नाही.

कोकणाचं उदाहरण घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन अगदी थोडी, पण उपग्रहाच्या हिशोबात जिल्ह्याचं वनआच्छादन अर्ध्याच्या आसपास येतं. हे कसं? एक तर तिथली बहुतेक जंगलं खाजगी मालकीची आहेत, लोकांच्या सातबाऱ्यावर, आणि दुसरं म्हणजे हापूसच्या आणि काजूच्या बागा पण त्यातच मोजल्या जातात. समजा एखाद्याने ऐन, किंजळ, बेहडा, आंजणी असं पन्नास प्रकारचं मिश्र रान तोडलं, जाळलं आणि तिथं काजू लावला. मधली चार-पाच वर्षं नकाशावर भोक दिसेल, मग काजू मोठा झाला की भोक बुजलं. कागदावर हिशोब पूर्ण. पण त्या बेहड्याच्या ढोलीत वीण करणारा धनेश त्या काजूत येणार आहे का? धनेशाला जुन्या मोठ्या झाडाची ढोली लागते, मादी स्वतःला त्या ढोलीत लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं आणून भरवतो, वड, उंबर, असली फळं. काजूच्या बागेत ढोली पण नाही आणि उंबर पण नाही. जैवविविधता हा मोठा शब्द वाटतो ना, पण त्याचा अर्थ इतकाच आहे, कोण कुणावर अवलंबून आहे त्याचं जाळं. एक धागा काढला की दुसरा सुटतो.

कायद्याची व्याख्या मात्र उपग्रहाच्या व्याख्येपेक्षा वेगळी आहे आणि इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. १९८० चा वन संवर्धन कायदा म्हणतो की वनजमीन दुसऱ्या कामाला, म्हणजे खाण, धरण, रस्ता, कारखाना, वापरायची असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागेल. त्याआधी राज्यं आपापल्या पातळीवर जमिनी वाटत होती, १९७६ च्या घटनादुरुस्तीने वनं हा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत आला आणि मग केंद्राला हा कायदा करता आला. पण वनजमीन म्हणजे कुठली? नोंद असलेलीच का? हा प्रश्न कोर्टात गेला. गोदावर्मन खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जंगल हा शब्द डिक्शनरीत जो अर्थ आहे त्या अर्थाने घ्यायचा, मालकी कुणाचीही असो. म्हणजे नोंद नसली तरी जमिनीवर जंगल आहे तर ते जंगलच. या एका आदेशाने देशातली केवढी तरी झाडी वाचली.

२०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, त्याचं नावही बदललं, आता तो 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' आहे. दुरुस्तीने सांगितलं की कायद्यानुसार अधिसूचित असलेली वनं आणि २५ ऑक्टोबर १९८० पासून सरकारी रेकॉर्डवर वन म्हणून नोंद असलेल्या जमिनी, एवढ्यालाच हा कायदा लागू. शिवाय देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत देशाच्या सुरक्षेसाठी महत्त्वाचे रस्ते-रेल्वेसारखे प्रकल्प असतील तर त्यांना सूट. आता १०० किलोमीटर म्हणजे ईशान्येकडची कितीतरी राज्यं त्यात जवळपास सगळीच येतात, नकाशा घेऊन बघा. आणि नोंद नसलेलं जंगल, म्हणजे खाजगी राया, गावकीची राखण, बऱ्याच देवराया, यांचं काय? यावर परत लोक कोर्टात गेले आणि १९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला की तूर्तास १९९६ चाच व्यापक अर्थ धरून चाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादला विद्यापीठाजवळच्या ४०० एकरांवर बुलडोझर फिरला तेव्हा कोर्टाने ते थांबवलं, आणि ती जमीन सरकारी कागदावर वन म्हणून नव्हती, हे लक्षात घ्या.

देवराईचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. महाराष्ट्रात हजारो देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वर्तक या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, त्याआधी सरकारच्या दृष्टीने त्या म्हणजे देवळाभोवतीची झाडी. देवराईत वाळलेली काटकी पण उचलायची नाही असा नियम असतो, कुणी लिहून ठेवलेला नसतो पण सगळ्यांना माहीत असतो. त्यामुळे तिथं पडलेलं खोड तिथंच कुजतं, त्यावर अळंबी येते, वाळवी येते, किडे येतात, ते खायला पक्षी येतात, आणि ती माती इतकी भुसभुशीत होते की पाऊस पडला की पाणी वाहून न जाता आत मुरतं. बऱ्याच देवरायांच्या पायथ्याला झरा असतो तो काही योगायोग नाही. गावाने पाण्याची टाकी राखावी तसं ते रान राखून ठेवलेलं आहे. देवाचं नाव आणि पाण्याचं काम, दोन्ही एकत्र. अलीकडे काय होतं की मंदिराचा जीर्णोद्धार करायचा म्हणून देवराईतलीच झाडं तोडून सिमेंटचं मोठं मंदिर आणि फरशी, मला हे बघून फार वाईट वाटतं. एखाद्या देवराईत जुनी, जाडजूड गारंबीची वेल असते, तिला वाढायला किती पिढ्या लागल्या असतील, आणि ती एका दुपारी जाते.

परत कायद्याकडे येतो. परवानगी मिळाली आणि जंगल तोडलं तर काय, तर भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावायची. नियम साधारण असा की जेवढी वनजमीन गेली तेवढीच बिगर-वनजमीन द्यायची आणि तिथं झाडं लावायची, आणि ती मिळत नसेल तर काही वेळा दुप्पट क्षेत्रावर, जिथं जंगल विरळ झालंय अशा वनजमिनीवर. शिवाय त्या जंगलाची किंमत काढून पैसे भरायचे. हे पैसे कॅम्पा नावाच्या निधीत जातात, त्यासाठी २०१६ चा कायदा आहे, आणि २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना यातले ४७ हजार कोटींहून जास्त रुपये दिले. रक्कम केवढी मोठी आहे बघा. आता ही लागवड होते कुठे? सह्याद्रीतलं सदाहरित जंगल गेलं तर त्याची भरपाई दुष्काळी पट्ट्यातल्या एखाद्या माळावर होऊ शकते. म्हणजे एका ठिकाणी जंगल गेलं, आणि दुसऱ्या ठिकाणी खड्डे काढून, गिरिपुष्प लावून, चांगलं चाललेलं गवताळ रान पण गेलं. दोन नुकसानं झाली आणि कागदावर एक भरपाई लिहिली गेली. त्या सकाळी मी चंडोलाच्या घरट्याजवळ जे बघितलं ते नेमकं कुठल्या योजनेतलं होतं ते मला नाही माहीत, पण विचार सगळीकडे हाच असतो, जागा रिकामी दिसतेय तर लावा झाडं.

पण ती रिकामी नसते हो. पर्जन्यछायेतला हा पट्टा, पाऊस चार-पाचशे मिलिमीटर, खाली मुरूम, माती वीतभर. इथं निसर्गाने जे उगवलंय ते गवत आहे आणि मधूनमधून हिवर, बाभूळ, बोरी, तरवड. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं उन्हाळ्यात वरून मेल्यासारखी दिसतात पण खाली मुळं जिवंत असतात, पहिल्या वळवाला आठ दिवसांत हिरवी होतात. गवताळ जमिनीत कार्बनचा मोठा वाटा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठलेला असतो, तो आग लागली तरी जात नाही, पण नांगर किंवा पोकलेन फिरवला की उघडा पडतो. आणि या माळावर कोण राहतं? लांडगा, खोकड, तरस, काळवीट, चिंकारा, धाविक, तणमोर, माळटिटवी. यातल्या बहुतेकांना उघडी जागा लागते, लांबचं दिसलं पाहिजे म्हणजे शत्रू आला तर कळेल. दाट झाडी लावली की ते निघून जातात. काहींना वाटतं की पूर्वी इथं घनदाट जंगल होतं आणि माणसाने तोडून माळ केला. अभ्यासकांनी मध्ययुगीन मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख शोधून काढले तर पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात तेव्हाही हिवर, तरवड, पाचुंदा अशी माळाचीच झाडं सापडली. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही हा माळच होता. मला हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू, आपल्याच जुन्या ओव्यांमध्ये आणि कथांमध्ये माळाचा पुरावा पडून होता.

चुकीच्या जागी चुकीचं झाड लावलं तर किती लांबपर्यंत भोगावं लागतं ते कच्छच्या बन्नी भागात बघायला मिळतं. १९६१ च्या सुमारास तिथं खारं वाळवंट पुढे सरकू नये म्हणून वेडी बाभूळ लावली, हेतू चांगलाच होता. पण ती अशी पसरली की आशियातल्या नावाजलेल्या गवताळ रानांपैकी एक असलेलं ते रान तिने गिळत आणलं, आणि बन्नीच्या म्हशी पाळणारे मालधारी आता ती बाभूळ मुळासकट उपटून गवत परत आणायची धडपड करतायत.

बरं, मग संरक्षण करायचं म्हणजे बंदी घालायची का? इथं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण माळढोकचं आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यात मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. एवढ्या क्षेत्रात काय नव्हतं, शेतं, गावं, बाजारपेठा, रस्ते, सगळंच. प्रत्यक्षात माळढोक होता नान्नजसारख्या थोड्या माळांवर. पण बंधनं सगळ्यांवर आली, जमिनीच्या व्यवहाराला, कामांना परवानग्या लागायला लागल्या, आणि पक्षी म्हणजे डोकेदुखी असं लोकांच्या मनात बसलं. पुढे ते कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं, पण तोवर कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, ज्वारी-करडईची कोरडवाहू शेती जिथं माळढोक बिनधास्त फिरायचा ती गेली. मादी एका वेळी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याला माणसाची साथ नसेल तर तो टिकणारच नाही, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळजवळ संपलंय. मला वाटतं त्या वेळी धनगरांशी आणि कोरडवाहू शेतकऱ्यांशी बसून बोलणं झालं असतं, ज्वारी ठेवणाऱ्याला काही पैसे मिळाले असते, पन्नास-शंभर चौरस किलोमीटरचे माळ नीट राखले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

जमिनीचं शाश्वत व्यवस्थापन असा एक जड शब्द सगळ्या धोरणांत असतो. त्याचा साधा अर्थ आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होता, जमीन अशी वापरायची की पुढच्या वर्षी ती निदान तितकंच देईल. पण हे प्रत्येक जमिनीला वेगळं लागू होतं, इथंच खरी मेख आहे. हिवरे बाजारला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, जनावरं डोंगरावर सोडायची नाहीत, विळ्याने गवत कापून आणायचं, आणि डोंगर परत गवताने भरला. तिथं ते बरोबर होतं, कारण डोंगर उघडा पडलेला होता. कासच्या पठारावर मात्र पर्यटक फुलं तुडवतात म्हणून कुंपण घातलं तर गुरांची येजा पण थांबली, उंच वाढणारं गवत माजलं, सीतेची आसवं आणि गेंदासारख्या बुटक्या फुलांना ऊन मिळेना, आणि शेवटी कुंपण काढावं लागलं. चरणं काही ठिकाणी जमीन मारतं आणि काही ठिकाणी जगवतं. किती जनावरं, कुठल्या महिन्यात, किती दिवस, यावर सगळं आहे. धनगरांचा वाडा, म्हणजे माणसं आणि मेंढरांचा तळ, एका जागी थोडे दिवस बसतो आणि पुढे जातो, चरलेल्या गवताला परत फुटायला वेळ मिळतो, शिवाय लेंड्यांचं खत शेताला. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती गोष्ट. २००६ चा वनहक्क कायदा. याबद्दल शहरात फार गैरसमज आहे की हा कायदा म्हणजे जंगल वाटून टाकणं. त्यात वैयक्तिक शेतीचा हक्क आहे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्यांना, आणि जे आदिवासी नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. पण त्यातला खरा मोठा भाग म्हणजे सामूहिक वनहक्क. गावाने पिढ्यान् पिढ्या जे जंगल वापरलं, राखलं, ते राखण्याचा, सांभाळण्याचा आणि त्याचे नियम ठरवण्याचा हक्क ग्रामसभेला. जमीन विकता येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा, हे देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी, ज्यांना २००९ मध्ये असा हक्क मिळाला, साधारण १८०० हेक्टर जंगलावर. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना. का? कारण १९२७ च्या कायद्यात बांबूला झाड म्हटलेलं होतं! बांबू हे गवत आहे, पण कायद्यात झाड, म्हणजे लाकूड, म्हणजे वनखात्याचं. वनहक्क कायदा म्हणतो बांबू हे गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न आहे, ते गावाचं. दोन कायदे समोरासमोर. वाहतुकीचा पास कोण देणार यावर अडलं होतं. शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात गेले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. आणि जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढायला २०१७ साल उजाडलं. एक शब्द, आणि त्याच्यामागे नव्वद वर्षं.

बांबू कसा तोडतात ते एकदा जवळून बघा, शाश्वत म्हणजे काय ते तिथं कळतं. पावसाळ्यात बेटाला नवे कोंब येतात, तिकडे त्यांना वास्ते म्हणतात. त्या वर्षीचे कोवळे बांबू तोडायचे नाहीत, कारण बेटाची पुढची ताकद त्यांच्यात असते. दोन-तीन वर्षांचे पक्के झालेले बांबूच काढायचे, तेही पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वरून कापायचे, गाठीच्या वर नळी राहिली तर त्यात पाणी साठून खुंट कुजतो. कडेकडेने ओरबाडलं तर बेट आतून गच्च होतं आणि नवे कोंब वर यायला जागा राहत नाही, म्हणून मधले जुने पण काढावे लागतात, त्याला मेहनत जास्त. ठेकेदाराचा मजूर नगावर पैसे घेतो, तो कडेचे सोपे बांबू तोडून पुढे जातो, त्याला पुढच्या वर्षी त्या बेटाशी काही घेणंदेणं नसतं. गावातला माणूस मात्र त्याच बेटाकडे परत येणार असतो. मला वाटतं सगळ्या वन धोरणाचा प्रश्न इथं त्या कोयत्यापाशी येऊन थांबतो, तोडणाऱ्याला परत यायचंय का.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणं बंद करायचं ठरवलं. तेंदूपत्त्यात पैसा असतो, रोख असतो, उन्हाळ्यात दुसरं काम नसतं, तरी. कारण चांगला पाला फुटावा म्हणून तेंदूच्या फांद्या छाटतात आणि जंगलात आगी लावतात, त्या आगीत नवी रोपटी, जमिनीवरची घरटी, सगळं जळतं, आणि तेंदूचं गोड फळ पण मिळत नाही. त्यांनी बांबूवर भर दिला आणि जंगलाचा एक भाग देवराईसारखा हात न लावता ठेवला. हे कुठल्या अधिकाऱ्याने सांगितलेलं नाही, ग्रामसभेत बसून ठरलं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड टेकड्या परत हिरव्या केल्या आणि तिथली सीताफळं विकायला लागले. सगळीच गावं अशी करतील असं नाही, काही ठिकाणी भांडणं आहेत, काही ठिकाणी ठेकेदार मागच्या दाराने शिरलेत, हेही खरं आहे. पण जिथं हक्क पक्का झाला आणि गाव एकत्र बसलं तिथं जंगल राखायला गार्डची वाट बघावी लागत नाही.

माळाला असा हक्क अजून नीट मिळालेला नाही. धनगरांसारख्या फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्क वनहक्क कायद्यात लिहिलेला आहे, हे फार लोकांना माहीतच नाही, पण ज्यांचं गाव एका जागी नाही त्यांनी दावा कुठल्या ग्रामसभेत करायचा यावरच अडतं. आणि जे माळ महसूल खात्याकडे गायरान किंवा पडीक म्हणून आहेत ते तर वनहक्काच्या पण बाहेर, ते सोलर प्रकल्पाला, एमआयडीसीला, वृक्षारोपणाला सगळ्यात आधी जातात.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी या नोंदवह्या घाईघाईने भरल्यात, शेजारच्या गावाची यादी तशीच उतरवून. तुमच्या गावची मागून बघा, तो तुमचा हक्क आहे. त्यात माळावरच्या गवतांची नावं आहेत का, घरटी करणारे पक्षी आहेत का, कुठल्या वाड्याची मेंढरं कुठल्या महिन्यात येतात ते आहे का. नसेल तर लिहून घ्या, ग्रामसभेत मांडा. कारण पुढच्या वेळी कुणी झाडं लावायला जागा मागेल तेव्हा ही जागा रिकामी नाही हे दाखवायला कागद लागतो, आणि खड्ड्यांची आखणी पावसाळ्याच्या बऱ्याच आधी होते, साधारण उन्हाळ्यात, चंडोल अंड्यांवर बसलेला असतो तेव्हाच.

त्या माळावर मी दोन वर्षांनी परत गेलो होतो. रोपांपैकी थोडीच उभी होती, तीही गुडघ्याएवढी. खड्ड्यांतून निघालेल्या मुरमाच्या ढिगांवर गवत उगवलं नव्हतं, गाजर गवत आणि धोतरा होता. मेंढरं त्या ढिगांना वळसा घालून पलीकडच्या न खोदलेल्या पट्ट्यात चरत होती, तिकडे पवन्या कमरेला लागत होता.